वळणावर अडणारी पावलं: फोंडा तालुक्यातल्या पार्किन्सन्सच्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ६८, निवृत्त प्राथमिक शिक्षक. राहणार गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावी. घरामागे उतारावर पोफळी-माडांचं कुळागर, आणि गावच्या देवळात भजनाला तबल्याची साथ करण्याचा तरुणपणापासूनचा नेम. पार्किन्सन्सचं म्हणजे कंपवाताचं निदान होऊन सहा वर्षं झालेली. थरथर डाव्या हातापासून सुरू झाली, आजही डावी बाजू जास्त जड. होन-यार श्रेणीनुसार तिसरा टप्पा, म्हणजे तोल जाऊ लागलेला पण माणूस अजून स्वतःचं स्वतः करतो. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून इथेही तात्याच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तात्या माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आले ते पडण्यामुळे. पावसाळ्यात घरातल्या घरात ते तीनदा पडले होते आणि शेवटच्या वेळी मनगटाचं हाड मोडलं होतं. घरच्यांना कोडं पडलं होतं. तात्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, म्हणाल्या, "देवळात बघायला हवं तुम्ही. सप्ताहाला अख्खी प्रदक्षिणा घालतात, कुणाचा हात लागत नाही. आणि घरी न्हाणीतून खोलीत येईपर्यंत पडतात." मुलाचं मत त्याहून कठोर होतं: बाबा घरी लक्ष देऊन चालत नाहीत. तात्या स्वतः एवढंच म्हणत, "बाय, पाय जमिनीला चिकटतात. कधी चिकटतील ते मला सांगता येत नाही."

हे मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण या आजारात असा आरोप फार वेळा होतो. चारचौघांत नीट चालणारा माणूस घरी पडला की ते हलगर्जीपणाचं, नाहीतर सहानुभूती मिळवण्याचं लक्षण ठरतं. पडणाऱ्या माणसाला दुखण्याबरोबर तो ठपकाही सोसावा लागतो. तात्यांच्या बाबतीत तो ठपका पुसला गेला, आणि त्यात कमरेला व नडग्यांना बांधलेल्या, हालचाल मोजणाऱ्या संवेदकांचा (सेन्सरचा) मोठा वाटा होता.

पहिली तपासणी सकाळी अकराच्या सुमारास झाली. टग (टाइम्ड अप अँड गो) चाचणीत, म्हणजे खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं, यात त्यांना १३.८ सेकंद लागले. चालण्याचा वेग सेकंदाला ०.९२ मीटर. बर्ग तोल मापनात ५६ पैकी ४८ गुण. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी टगची १३.५ सेकंदांची सीमा नेहमी सांगितली जाते, त्याहून जास्त वेळ म्हणजे पडण्याचा धोका; बर्गसाठी ४५ची, त्याहून कमी गुण म्हणजे धोका. रस्त्यावर मोकळेपणी वावरण्यासाठी ०.८ मीटरचा वेग पुरेसा मानतात. या आकड्यांवर तात्या काठावर, पण बरे ठरत होते. एवढ्यावर कागद मिटला असता तर "व्यायाम चालू ठेवा, जपून चाला" याच्यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

पण बर्गच्या १४ बाबींपैकी एक बाब ३६० अंशांत वळण्याची असते. तात्यांचे सर्वांत जास्त गुण तिथे गेले होते. बेरजेत ते दिसेनासे झाले. बेरीज करणाऱ्या प्रत्येक चाचणीत हा धोका असतो, आणि टगमध्येही तेच होतं: उठणं, चालणं, वळणं, परतणं, बसणं, सगळं मिळून एकच आकडा. गंमत अशी की १९८६ साली ही चाचणी प्रथम मांडली गेली तेव्हा तिला घड्याळ नव्हतंच. परीक्षक डोळ्यांनी पाहून, माणूस कुठे डळमळतो ते बघून, एक ते पाच गुण द्यायचा. १९९१ साली पोडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी तिला स्टॉपवॉच जोडलं. त्यामुळे दोन परीक्षकांचे निकाल जुळू लागले, हा मोठा फायदा झाला. पण डळमळ नेमकी कुठे झाली ही माहिती मात्र त्या एका आकड्यात मुरून गेली. संवेदक तीच परत मिळवून देतात, म्हणून मला त्यांचं मोल वाटतं.

संवेदक काय मोजतात

एकेक संवेदक काडेपेटीएवढा. आत तीन दिशांचा त्वरणमापक आणि तीन दिशांचा जायरोस्कोप. बहुतेकांत चुंबकीय क्षेत्र मोजणारा तिसरा भागही असतो. त्वरणमापक वेगातला बदल मोजतो, आणि माणूस स्थिर उभा असला तरी गुरुत्वाकर्षणाचा ओढा त्याला जाणवत असतो, त्यावरून अंग किती कललं आहे ते कळतं. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो, सेकंदाला किती अंश. हे सगळं सेकंदाला साधारण शंभर वेळा नोंदलं जातं.

तात्यांना आम्ही सहा संवेदक बांधले: छातीच्या मधल्या हाडावर, कमरेच्या मणक्यापाशी, दोन्ही मनगटांवर आणि दोन्ही नडग्यांवर. टगची तीच चाचणी, तीच खुर्ची. कमरेचा जायरोस्कोप उभ्या अक्षाभोवती फिरू लागला की वळण सुरू झालं, थांबला की संपलं. नडगीचा आलेख प्रत्येक पाऊल वेगळं दाखवतो.

१३.८ सेकंदांची फोड अशी निघाली: उठायला १.३, जायला ३.१, वळायला ४.१, यायला ३.०, आणि वळून बसायला २.३. धडधाकट ज्येष्ठ माणूस मधलं वळण साधारण तीन-चार पावलांत घेतो. तात्यांना सहा लागली. त्यातही ते आपणहून उजवीकडे वळले होते. मी डावीकडून वळायला सांगितलं तेव्हा वळणाचे ५.६ सेकंद झाले आणि पावलं नऊ. एकूण वेळ १५.३.

आणखी एक गोष्ट छाती आणि कंबर यांच्या आलेखांत दिसली. आपण वळतो तेव्हा आधी मान वळते, मग खांदे, मग कंबर. तात्यांची छाती आणि कंबर एकाच क्षणी, एकसंध वळत होती. पार्किन्सन्समध्ये हे नेहमी आढळतं. अशा वेळी पाय मागे राहतात, धड पुढे जातं, आणि माणूस आतल्या बाजूला कोसळतो. डावा पाय आत असला की तो जागचा उचलतच नव्हता, छोटी छोटी पावलं टाकत राहायचा. एक सावधगिरी: आजाराची बाजू आणि त्रासदायक वळणाची बाजू यांचं नातं प्रत्येक रुग्णात असंच नसतं, काहींत उलटही दिसतं. ते मोजूनच पाहावं लागतं.

एकूण वेळ ठीक पण आतले तुकडे बिघडलेले, हे फक्त तात्यांचं नाही. २०१० साली झाम्पिएरी आणि सहकाऱ्यांनी औषध सुरू न झालेल्या, अगदी सुरुवातीच्या पार्किन्सन्सच्या रुग्णांवर संवेदक लावून टग घेतली. एकूण वेळेत रुग्ण आणि निरोगी माणसं यांत फरक सापडला नाही. वळण्याचा वेग आणि हातांची हालचाल यांत सापडला.

घरी

दवाखान्यातली फरशी सपाट आणि कोरडी, उजेड भरपूर, आणि समोर बघणारं माणूस. त्यात सकाळी अकरा म्हणजे लेवोडोपाची, पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाची, गोळी पोटात जाऊन ती पुरती लागू पडलेली. पार्किन्सन्सचा रुग्ण डॉक्टरला बहुधा त्याच्या सर्वांत चांगल्या तासातच दिसतो. म्हणून तीन संवेदक, कंबर आणि दोन नडग्या, आठवडाभर घरी द्यायचं ठरवलं.

कॅमेरा लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. तात्यांची तशी अट होती आणि मला ती शंभर टक्के मान्य होती. तरीही मी त्यांना आणि काकींना बसवून सांगितलं की या नोंदींवरून तुम्ही रात्री किती वेळा उठलात, किती वाजता न्हाणीकडे गेलात हे कळेल, आणि ते मुलांना दाखवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. घरात घालायच्या कुठल्याही यंत्राबाबत हे बोलणं व्हायलाच हवं असं मला वाटतं. तात्या म्हणाले, "मुलाला दाखव. त्यालाच तर कळायला हवं."

पाय चिकटणं, म्हणजे चालता चालता पाऊल गोठणं, आलेखावर ओळखण्याची एक पद्धत मूर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडली. चालताना नडगीची हालचाल सेकंदाला ०.५ ते ३ आवर्तनांच्या पट्ट्यात असते. पाय गोठतो तेव्हा तो बहुधा पूर्ण स्थिर नसतो, जागच्या जागी थरथरतो, आणि ती थरथर ३ ते ८ आवर्तनांच्या पट्ट्यात येते. दुसऱ्या पट्ट्यातली शक्ती पहिल्याच्या तुलनेत वाढली की ते गोठणं. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे: पार्किन्सन्सचा विश्रांतीतला कंप ४ ते ६ आवर्तनांचा, म्हणजे नेमका याच पट्ट्यात. तात्या ओसरीवर पेपर वाचत बसले आणि डावा पाय थरथरू लागला की यंत्र त्याला गोठणं समजायचं. म्हणून नडगी आडवी-तिरपी असतानाच्या, म्हणजे बसलेल्या-निजलेल्या वेळेच्या नोंदी आम्ही हिशेबातून काढल्या.

संवेदकाला वेळ कळते, जागा कळत नाही. ती काकींनी भरून काढली. पाय अडला की कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात वेळ आणि ठिकाण. "५.४०, न्हाणीचा उंबरठा." "४.१५, देवखोली." आठवड्याच्या शेवटी चौकोनातल्या वेळा आणि आलेखावरची शिखरं शेजारी ठेवली तेव्हा त्या घराचा नकाशाच तयार झाला.

गोठण्याच्या बहुतेक नोंदी दोन वेळांत होत्या. एक पहाटे साडेपाच-सहाला, कारण पहिली गोळी सातला होती आणि रात्रीचा असर केव्हाच संपलेला असायचा. दुसरी दुपारी चारच्या पुढे, संध्याकाळच्या गोळीआधी. आणि त्यातली बहुसंख्य डाव्या वळणावरची. घर जुनं, लाल चिऱ्यांचं, मध्ये राजांगण. न्हाणीतून खोलीकडे येताना अरुंद वाट, मग उंच लाकडी उंबरठा, आणि उंबरठा ओलांडल्याबरोबर खाटेकडे जायला डावीकडे तीव्र वळण. पहाटेचा अंधार, ओले पाय, पायात सैल रबरी चप्पल. पार्किन्सन्समध्ये अरुंद दार आणि उंबरठा हे तसेही पाय गोठवणारेच.

प्रदक्षिणेचं कोडंही इथेच सुटलं. प्रदक्षिणा नेहमी देवाला उजव्या हाताला ठेवून घालतात, म्हणजे सगळी वळणं उजवीकडची. ती वळणं रुंद, फरशी सपाट, वाट मोकळी. भजनाची वेळ संध्याकाळच्या गोळीनंतरची, आणि कानावर सतत टाळांचा ठेका. तात्यांच्या पायांना हवं ते सगळं देवळात होतं, आणि त्रास देणारं सगळं घरातल्या त्या थोड्याशा वाटेवर होतं. हे आलेखासकट मुलाला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मग खाटच फिरवूया की."

उपचार

खाट फिरवली. आता खोलीत शिरून उजवीकडे वळलं की उशाशी पोचता येतं. खर्च शून्य, आणि या प्रकरणातला सर्वांत उपयोगी बदल हाच असावा अशी माझी समजूत आहे. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या, तात्यांच्या पावलाच्या अंतरावर. डोळ्यांना आडवी रेघ दिसली की अडलेला पाय ती ओलांडायला उचलतो, हा अनुभव पार्किन्सन्ससोबत काम करणाऱ्या सगळ्यांचा आहे. वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, न्हाणीत धरायला दांडा, मागे पट्टा असलेली चप्पल.

वेळांचा आलेख न्यूरॉलॉजिस्टकडे गेला. त्यांनी पहिली गोळी उठल्याबरोबर घ्यायला सांगितली आणि दिवसातली अंतरं बदलली. गोळीची वेळ हा पूर्णपणे डॉक्टरांचा निर्णय आहे, आणि कुणीही आलेख बघून ती स्वतः बदलू नये. पण "कधी कधी पाय अडतात" या वाक्यापेक्षा आठवडाभराची वेळवार नोंद डॉक्टरांच्या हाती देणं कितीतरी चांगलं.

मग वळणाचा सराव. जागच्या जागी गिरकी नाही, इंग्रजी यू अक्षरासारखा रुंद वळसा. वळसा घ्यायला जागा नसेल तिथे आधी थांबायचं, वजन उजव्या पायावर न्यायचं, डावा गुडघा उचलायचा, मग वळायचं. पाय अडला तर ढकलायचा नाही, पूर्ण थांबून पुन्हा सुरुवात करायची. हातात कळशी किंवा ताट घेऊन वळायचं नाही, वळताना बोलायचं नाही.

तालाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. ठरावीक ठोक्यावर चालल्याने पार्किन्सन्सच्या रुग्णांची चाल सुधारते हे मायकल थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं, आणि तेव्हापासून ठोका हा या उपचारातला नेहमीचा भाग आहे. सहसा रुग्णाच्या चालीपेक्षा थोडा जलद ठोका देतात. पण ज्यांचे पाय गोठतात त्यांना जलद ठोका उलटू शकतो, पावलं आखूड होत जातात. त्यांना किंचित संथ लय बरी. तात्यांची सहज चाल मिनिटाला ११२ पावलांची होती, आम्ही १०० वर आलो. मोबाइलमधल्या मेट्रोनोमची टिकटिक त्यांना मुळीच आवडली नाही. मी म्हटलं, "तात्या, मग ठेका तुम्हीच धरा." त्यांनी भजनी ठेका घेतला, आठ मात्रांचा, मनातल्या मनात. एका मात्रेला एक पाऊल. त्यातून वळणाचा एक नियम तयार झाला: समेवर पहिलं पाऊल, सहाव्या मात्रेला वळण पूर्ण, आणि सातवी-आठवी मात्रा दोन्ही पायांवर नीट उभं राहायला. ज्याच्या हातात जन्मभर ठेका आहे त्याला हा नियम दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. दुसऱ्या रुग्णाला मी हेच देणार नाही. कुणाला आकडे मोजणं जमेल, कुणाला चालीचं गाणं.

सरावात संवेदकांचा उपयोग मर्यादित ठेवला. वळण ठरल्यापेक्षा जलद झालं की मोबाइलमधून आवाज यायचा. पुढे आम्ही तो बंद केला. यंत्राच्या आवाजावर वळायला शिकलेला माणूस आवाज नसताना कसा वळतो, हे महत्त्वाचं.

बारा आठवड्यांनी

उजवीकडून टग १३.८ वरून १३.०. डावीकडून १५.३ वरून १३.२. पार्किन्सन्सच्या रुग्णांत टगमधला साधारण साडेतीन सेकंदांपेक्षा कमी फरक मोजमापातला चढउतारही असू शकतो, असं २०११च्या एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे निव्वळ घड्याळाच्या हिशेबाने तात्यांमध्ये बदल झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

फोडीत मात्र तो दिसतो. डावं वळण ५.६ वरून ३.७ सेकंदांवर, नऊ पावलांवरून सहावर, आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजण्यांत ते तिथेच राहिलं. एकामागून एक येणाऱ्या पावलांच्या वेळेतला फरक ५.१ टक्क्यांवरून ३.४ वर आला. निरोगी माणसात तो साधारण दोन-तीन टक्के असतो. या काळात तात्या घरात पडले नाहीत. अंगणात एकदा तोल गेला, तुळशीवृंदावनाला धरून सावरले. पहाटेचं गोठणं कमी झालं, गेलं नाही. गोळी घेतल्यापासून ती लागू पडेपर्यंतचा वेळ अजून धोक्याचाच आहे, आणि तेवढा वेळ काकी सोबत उठतात.

कशाने किती फरक पडला हे या एका प्रकरणातून वेगळं काढता येणार नाही. गोळीची वेळ, खाट, पट्ट्या, सराव हे सगळं जवळपास एकाच वेळी बदललं. पडणाऱ्या माणसाला एकेक गोष्ट तपासत महिनोन्महिने थांबवणं मला पटलं नाही.

संवेदकांच्या अडचणीही होत्या. आपल्या हवेत पट्टा घामाने भिजतो आणि नडगीवरून खाली घसरतो, मग आलेख पावलाचा की घसरलेल्या पट्ट्याचा हे कळत नाही. सुती मोजा आत घालून त्यावर पट्टा बांधल्यावर हे आटोक्यात आलं. लोखंडी खाटेजवळ चुंबकीय भागाची दिशा बिघडायची, म्हणून वळणासाठी आम्ही फक्त जायरोस्कोप धरला. जायरोस्कोपची बारीक चूक वेळेबरोबर साचत जाते, पण चार-पाच सेकंदांच्या वळणात ती नगण्य असते. मुसळधार पावसात वीज गेली की चार्जिंग राहायचं, ते दिवस सोडून द्यावे लागले.

हे सगळं महागड्या संचाशिवाय होणारच नाही असं मात्र कुणी समजू नये. साध्या स्मार्टफोनमध्येही त्वरणमापक आणि जायरोस्कोप असतो, तो कमरेला घट्ट बांधला तर वळणाची वेळ मिळते. तेही नसेल तर टगचा व्हिडिओ काढा, वळणाची पावलं मोजा आणि वळणाची वेळ वेगळी लिहा. उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडच्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण याला दोन मिनिटं जास्त लागतात आणि त्यातून उपचाराची दिशा बदलू शकते.

एक प्रश्न बाकी आहे. तात्यांना कुळागरात जायचं आहे. उतार, चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ, मधून वाहणारा पाट, आणि त्या अरुंद वाटेवर रुंद वळसा घ्यायला जागाच नाही. त्यांच्याशी आणि मुलाशी बोलून इतकं ठरलं आहे: पायऱ्या घासून घ्यायच्या, डाव्या हाताला पोफळीच्या खोडाचा कठडा, गोळी घेतल्यानंतरच्या दुसऱ्या तासात, सोबत माणूस, आणि तूर्त पहिल्या टप्प्यापर्यंतच. खाली वळायच्या जागी मुलगा थोडी जमीन सपाट करून देणार आहे, सहा पावलांचा वळसा मावेल एवढी. ती तयार झाली की कंबर आणि नडग्यांचे संवेदक बांधून पुढची मोजणी तिथेच घ्यायची आहे.